डबल्सची जोडीदार

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय मंजू,

विम्बल्डनची फायनल लागली की आमच्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, "बायका तीनच सेट खेळतात, मग पैसे सारखे कशाला?" यंदा पाळी भावोजींची होती. मी चहा खाली ठेवला आणि व्हीनस विल्यम्सचं सगळं ऐकवलं. अमेरिकन ओपनमध्ये १९७३पासून बायका-पुरुषांना बक्षीस सारखं, तरी विम्बल्डन ढिम्म हलेना. २००६ साली तिनं लंडनच्या 'टाइम्स'मध्ये खडसावून लेख लिहिला, २००७ला नियम बदलला आणि त्याच वर्षी जिंकून तिनं फेडररइतकेच सात लाख पौंड घेतले. भावोजी पाच मिनिटं गप्प. विक्रमच म्हणायचा!

पण तेव्हापासून डोक्यात घोळतेय ती अल्थिया गिब्सन, अमेरिकेची काळी टेनिसपटू. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या १४३व्या रस्त्यावर पोलीस वाहतूक बंद करून पोरांना खेळू देत, तिथे ही लाकडी बॅटनं टेनिससारखा खेळ खेळायला लागली. राष्ट्रीय स्पर्धेत यायचं तर आधी मोठ्या क्लबांच्या स्पर्धा खेळायच्या, आणि ते क्लब काळ्यांना दारात उभं करत नसत. १९५०च्या जुलैत अ‍ॅलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीनं जाहीर लेख लिहून टेनिस संघटनेला लाज आणली, तेव्हा कुठे फॉरेस्ट हिल्सचं, म्हणजे त्या राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडलं. दुसऱ्याच फेरीत समोर लुईझ ब्रफ, विम्बल्डन विजेती. तिसऱ्या सेटमध्ये अल्थिया ७-६ पुढे, आणि वादळ आलं. वीज पडून स्टेडियमवरचा दगडी गरुड खाली कोसळला. खेळ दुसऱ्या दिवसावर गेला आणि रात्रभर विचार करून आलेली अल्थिया ९-७ हरली. आपली इंटर-कॉलेजची मॅच पावसानं थांबली होती, आठवतं? त्या रात्री तू जेवली नव्हतीस.

१९५७ला अल्थियाला विम्बल्डन जिंकल्याची थाळी राणीच्या हातून मिळाली, न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली. पैसे? शून्य. तेव्हा हौशी खेळाडूंना बक्षीसच नसे. पुढे पोटासाठी ती बास्केटबॉलच्या तमाशाआधी प्रदर्शनी सामने खेळली.

आता मुद्द्याचं. दिल्लीतल्या एका स्पर्धेत तिची अँजेला बक्स्टनशी ओळख झाली. अँजेला इंग्लंडची, ज्यू, तिलाही क्लबांनी लांबच ठेवलेलं. दोघींशी जोडी करायला फारसं कुणी उत्सुक नव्हतं, मग त्याच एकमेकींच्या जोडीदार झाल्या आणि १९५६ला फ्रेंच आणि विम्बल्डन, दोन्हीकडे डबल्स जिंकल्या.

चाळीसेक वर्षांनी अँजेलाला फोन आला. भाड्याला, औषधाला पैसे नाहीत, आता जगायचं नाही, म्हणून अल्थिया निरोप घेत होती. अँजेलानं आधी स्वतःचे पैसे धाडले, मग टेनिसच्या एका मासिकातून हाक दिली. जगभरातून पाकिटं येऊ लागली. अल्थिया २००३पर्यंत जगली.

हे वाचलं आणि मोबाइलमध्ये तुझा शेवटचा कॉल शोधला. नोव्हेंबरातला. तोही मी उचलला नव्हता.

उद्या रात्री नऊला करते. उचल गं.

तुझी,
शुभा