बॅटरीवरच्या ग्रास कटरची बॅटरी मिळत नसल्याबद्दल तक्रार

दि. 14 ऑक्टोबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मशीन धडधाकट, बॅटरी तुम्ही बंद केलीत

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी पाचव्यांदा बोलले. आता फोन करणार नाही, लेखीच देते आहे.

तुमचा 40 व्होल्टचा ग्रास कटर मी नोव्हेंबर 2022 मध्ये दोन बॅटऱ्यांसह 28,500 रुपयांना घेतला. त्याआधी नऊ वर्षं पेट्रोलचा टू-स्ट्रोक वापरला. ऑइल मिसळा, दोरी ओढा, धूर खा, संध्याकाळी हातांना मुंग्या. पण कार्बोरेटर चोंदला तर राजापुरात अर्ध्या तासात साफ होऊन मिळायचा. ते सोडून तुमच्याकडे आले, कारण पुढच्या सगळ्या बॅटऱ्या याच खाचेत बसतील, असं तुमच्या माणसाने दुकानात सांगितलं होतं.

पहिली बॅटरी गेल्या वर्षी गेली. "स्टॉक येतोय" हे वर्षभर ऐकलं. दुसरी या महिन्यात गेली. मशीनची मोटर उत्तम चालते, गिअरहेडला वेळच्या वेळी ग्रीस दिलंय. बॅटरीची वॉरंटी संपलेलीच होती, म्हणून इथल्या मेकॅनिककडून उघडून घेतली. आत वीस सेल, दोन-दोनच्या दहा जोड्या. नऊ जोड्या 3.7 व्होल्टच्या आसपास, एक 1.4 वर. त्या एका जोडीपायी आतल्या बोर्डाने अख्खी बॅटरी बंद केलीय. सेल बदलले तरी हे बोर्ड पुन्हा सुरू होत नाही, असं तो म्हणाला, आणि बोर्ड तुमच्याशिवाय कोणी देत नाही.

हे सगळं कालच्या गृहस्थांना सांगायला घेतलं तर पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, मशीन घरी कोण चालवतं? त्यांना फोन द्या ना." मीच चालवते, म्हटलं. थोडं थांबून ते म्हणाले, "नाही, जरा टेक्निकल आहे ना, साहेब असतील तर बरं." साडेतीन एकर कलमांची बेणणी, म्हणजे बागेतलं गवत कापणं, मी स्वतः करते. मी सगळी रीडिंग वाचून दाखवली. त्यावर त्यांनी विचारलं, "चार्जरचा स्विच चालू आहे ना?" मी पुन्हा वाचून दाखवली. मग मला अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन म्हणाले, "ते मॉडेल बंद झालं. नवीन बॅटरी 40 व्होल्टचीच आहे, पण तुमच्या खाचेत बसणार नाही." मग मधे लावायला अडॅप्टर द्या, म्हटलं. "तसं काही नसतं. नवीन सेट घ्या, 10 टक्के सूट देतो." आणि या मशीनचं काय करू? "भंगारात द्या."

एक तर साहेबांना बोलवा, वर चालू मशीन भंगारात द्या! बॅटऱ्यांसकट. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर टाकली आहे, हे तुमच्या माणसांना कोणी शिकवलं नाही का?

माझ्या वडिलांचा कोयता आमच्या गावच्या लोहाराने घडवलेला. दांडा चार वेळा बदलला, पातं तेच आहे. बॅटरी म्हणजे या मशीनचा दांडाच. ती झिजणार हे मला मान्य आहे, मी फुकट मागत नाही. पैसे देऊनही मिळत नाही, ही माझी तक्रार आहे. मशीनला काहीही झालेलं नाही. तीन वर्षांत खाच तुम्ही बदललीत.

तुमच्या शब्दावर वाडीतल्या आणखी दोघांनी पेट्रोलचं मशीन विकून हेच घेतलं. त्यांना मी काय तोंड दाखवू?

गवत कमरेएवढं झालंय. ते आत्ता काढलं नाही तर फेब्रुवारीत वाळून एका ठिणगीने वणवा लागतो आणि कलमं होरपळतात. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत या खाचेच्या दोन बॅटऱ्या रास्त किमतीत द्या, नाहीतर नवीन बॅटरी बसेल असा अडॅप्टर द्या. दोन्ही जमत नसेल तर मशीन परत घेऊन पूर्ण पैसे द्या. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. माझ्याकडे बिल आहे आणि पाचही कॉलच्या तारखा लिहून ठेवल्यात.

तोवर बाग चार गडी लावून कोयत्यानेच बेणून घेते आहे. त्यांच्या सहा दिवसांच्या मजुरीचा हिशेब सोबत जोडला आहे. तोही तुम्हीच द्यायचा आहे.

एक बागायतदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी