घरची जुनी छायाचित्रे व कागदपत्रे ऑनलाइन संग्रहासाठी आणण्याबाबत

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

नागपूरचे विणकर व गिरणी कामगार यांच्याविषयीचा आपल्या संग्रहालयातील ठेवा संकेतस्थळावर मांडण्याचे काम सुरू झाले असून, ज्यांच्या घरी अशी छायाचित्रे किंवा कागदपत्रे असतील त्यांनी ती नोंदणीसाठी आणावीत, ही विनंती. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली. तिच्या इमारतींची चित्रे पाहायला मिळतात, परंतु आत राबणाऱ्या माणसांची नावे बहुतांशी घराघरांतच राहिली आहेत, आणि म्हणूनच पगाराची एखादी चिठ्ठी किंवा गोळीबार चौक परिसरातील हातमागाचा धूसर फोटोही आम्हांला इमारतीच्या चित्राहून अधिक मोलाचा वाटतो.

अल्बमला चिकटलेला फोटो ओढून न काढता पानासह आणावा. आपल्यासमोरच ६०० डीपीआयवर (म्हणजे बारकावे टिपणाऱ्या सूक्ष्मतेने) स्कॅन करून मूळ वस्तू लगेच परत केली जाईल. व्हॉट्सॲपवरून नेहमीप्रमाणे पाठवलेल्या फोटोतील बारकावे नाहीसे होतात, त्यामुळे तो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावा.

फोटोतील व्यक्ती, ठिकाण आणि अंदाजे वर्ष सांगू शकतील अशा घरातील वडीलधाऱ्यांना शक्यतो सोबत आणावे. नाव हरवलेला फोटो पुढे कोणालाच ओळखता येत नाही, ही आमची खरी काळजी आहे. हयात व्यक्तींचा फोटो त्यांच्या संमतीविना प्रसिद्ध होणार नाही. छायाचित्रावर छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क (कॉपीराइट) राहू शकतो, तरी छायाचित्रकार किंवा स्टुडिओ ठाऊक असल्यास नोंदणीच्या वेळी अवश्य सांगावे.

आपला,
कार्यवाह