शनिवारची पुणे भेट : आयुका पाहण्याआधी थोडंसं

सदस्यहो, शनिवारी पहाटे ५:३० वाजता गोल्फ क्लब मैदानाजवळून बस सुटेल. कोणासाठी थांबणार नाही, मागच्या वेळचं लक्षात असेलच.

पुणे विद्यापीठाच्या आवारातली 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ साली स्थापन झाली. संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर, वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. भिंती नीट बघा: खाली आपला ओळखीचा काळा बेसॉल्ट, त्यावर कडप्पा आणि सर्वांत वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. काळेपणा वर चढत जातो, अंतराळासारखा. मधल्या चौकाला 'कुंड' म्हणतात. रामकुंडावर वाढलेल्या आपल्याला पायऱ्या नव्या नाहीत, पण इथे पाण्याऐवजी आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे भेटतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबकही आहे. पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा पूर्ण फिरायला सुमारे ७५ तास लागतात, त्यामुळे पाच मिनिटं बघून "हलतच नाही" म्हणू नका.

ओळखपत्र सोबत घ्या, परवानगी नावानिशी मिळाली आहे. डबा घरचा, चहा वाटेत नारायणगावला. नावं गुरुवार रात्रीपर्यंत इथेच कळवा.