क्रीडामंत्र्यांना खुले पत्र: पदक न जिंकणाऱ्या मुलांसाठी एक सभागृह

माननीय क्रीडामंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

क्रीडा अनुदानासाठी अर्ज करायला गेलेल्या कराटे क्लबला पहिला प्रश्न पदकांचा असतो. किती सुवर्ण, कोणत्या पातळीवर, गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी. मी एक छोटा क्लब चालवते. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले कधीच पदक जिंकणार नाहीत, आणि शाळांची सभागृहे संध्याकाळी सरावासाठी मिळावीत म्हणून हे पत्र त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

कराटेच्या वर्गात मूल ठोसा मारायला शिकते हे खरे, पण त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो तो ठोसा थांबवायला शिकण्यात. कुमितेच्या, म्हणजे जोडीदारासोबतच्या लढतीच्या, सरावात समोरच्याच्या चेहऱ्याकडे निघालेली मूठ बोटभर अंतरावर थांबली पाहिजे. त्यासाठी अंतराचा अंदाज हवा, खांदे सैल हवेत, पाय घट्ट रोवलेले हवेत, आणि राग आला असेल तर तो त्या क्षणी बाजूला ठेवता आला पाहिजे. दमलेल्या, नुकताच गुण गमावलेल्या बारा वर्षांच्या मुलाला हे जमायला वर्षे लागतात. जमले की ते डोजोबाहेरही, म्हणजे सरावाच्या जागेबाहेरही, दिसते. घरी धाकट्या भावंडावर उगारलेला हात आता खाली येतो, असे पालक आपणहून सांगायला येतात. याची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

काता म्हणजे एकट्याने करायच्या, ठरलेल्या हालचालींची मालिका. तिचे मोल बाहेरून पाहणाऱ्याला लवकर कळत नाही. शोतोकान या कराटेच्या शैलीतला पहिला काता, हेआन शोदान, 21 हालचालींचा आहे. क्रम ठरलेला, दिशा ठरलेल्या, आणि जिथून निघालो तिथेच येऊन थांबायचे. पावलांची लांबी कमीजास्त झाली की शेवटी मूल भलत्याच जागी उभे असते. चूक कुणी दाखवावी लागत नाही, त्याची त्यालाच दिसते आणि ते पुन्हा सुरुवातीच्या जागी जाऊन उभे राहते. एरवी दहा मिनिटे स्वस्थ न बसणारी मुले एकच काता तासभर घोटताना मी पाहते, तेव्हा मला या कलेचा फार आदर वाटतो.

वर्गात आम्ही वयाने नाही, पट्ट्याच्या क्रमाने उभे राहतो. त्यामुळे हिरव्या पट्ट्याची शाळकरी मुलगी पुढे असते आणि पांढऱ्या पट्ट्यातले तिचे वडील मागच्या रांगेत. तेही तिच्याकडे बघून पाऊल सुधारतात. एकाच वेळी, एकाच खोलीत, दोन पिढ्यांना घाम गाळायला लावणारे व्यायाम फार थोडे आहेत. मोठ्यांसाठी तर एका पायावर तोल सांभाळून मारलेली प्रत्येक माए गेरी (समोर मारलेली लाथ) हा पुढच्या म्हातारपणाची तयारी करणारा व्यायाम असतो.

स्वसंरक्षणाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. लहान मूल कराटे शिकून धडधाकट माणसाला लोळवेल, असे सांगणारा प्रशिक्षक पालकांची फसवणूक करतो. आम्ही शिकवतो ते अंतर राखणे, धोका वेळीच ओळखणे, हात सोडवून पळणे आणि मोठ्याने ओरडणे. किआई, म्हणजे वार करतानाची आरोळी, देताना आधी ज्यांच्या तोंडून आवाजच फुटत नाही अशा मुली आमच्याकडे येतात. काही महिन्यांनी त्याच मुलींचा आवाज सभागृहाबाहेर ऐकू येतो. मला विचाराल तर काळ्या पट्ट्याइतकीच ही मोठी गोष्ट आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल केली पाहिजे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम हवा. त्याच संघटनेच्या 2016 च्या आकडेवारीनुसार जगातली 11 ते 17 वयोगटातली 81 टक्के मुले तेवढे हलत नव्हती, आणि मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा वाईट होते. यातली बरीच मुले सांघिक खेळात निवडच न झाल्यामुळे खेळापासून तुटतात. कराटेत राखीव खेळाडूंचा बाक नसतो. आलेला प्रत्येक जण सराव करतो.

कराटेला शाळेत जागा मिळावी, ही मागणी नवीन नाही. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावरचे कराटेगुरू अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळांमध्ये नेले, मुलांना झेपतील असे पिनान नावाचे पाच काता बसवले, आणि 1908 मध्ये सरकारी अधिकाऱ्यांना उद्देशून दहा मुद्द्यांचे पत्र लिहिले. त्यांच्या काळाप्रमाणे त्यात सैनिकी तयारीचा विचारही होता, तो आज आपल्याला नको. पण आधी शिक्षक घडवा, मग ते शाळाशाळांत जातील, ही त्यांची सूचना आजही लागू पडते. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी स्वतः शाळाशिक्षक होते आणि 1922 मध्ये त्यांनीच तोक्योत कराटेचे प्रात्यक्षिक करून ही कला जपानच्या मुख्य भूमीवर पोचवली. कराटे वाढले ते शाळांच्या आधाराने. ऑलिंपिकमध्ये ते फक्त तोक्योच्या स्पर्धेत आले आणि 2024 च्या पॅरिस स्पर्धेत नव्हते. तरीही आमच्या वर्गातली हजेरी त्यामुळे कमी झाली नाही.

आम्हाला अडते ते जागेपाशी. शाळांची सभागृहे संध्याकाळी कुलूपबंद असतात आणि क्लब भाड्याच्या जागेच्या शोधात फिरत राहतात. भाडे वाढले की शुल्क वाढते, आणि मग ज्या मुलाला वर्गाची सर्वांत जास्त गरज असते तेच आधी गळते. कराटेला लागते तरी काय? कोरडी, सपाट फरशी, उजेड आणि प्यायचे पाणी. आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी शाळेचे सभागृह स्थानिक क्लबला नाममात्र दरात मिळेल, किल्ली कोणाकडे, सफाई कोणाची, विमा कोणाचा हे लेखी ठरलेले असेल, एवढा एक आदेश आपण काढावा. सफाईची जबाबदारी आम्ही आनंदाने घेऊ. डोजो झाडून पुसून ठेवणे हा आमच्या शिकवणीचाच भाग आहे.

त्या बदल्यात आमच्यावर अटी घाला, आणि त्या कडक घाला. प्रशिक्षकाची पार्श्वभूमी तपासा. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि मुलांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण सक्तीचे करा. लहान मुलांच्या डोक्यावर आघात होणाऱ्या सरावाला बंदी घाला. पैसे भरले की पट्टा देणाऱ्यांना सरकारी सभागृहाची पायरीही चढू देऊ नका. अनुदान ठरवताना पदकांच्या शेजारी आणखी दोन प्रश्न विचारा: तीन वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती जण अजून येतात, आणि त्यांत मुली किती?

आदेशाचा मसुदा करताना क्लब चालवणाऱ्यांना चर्चेला बोलवावे, ही विनंती. संध्याकाळी वर्ग असतात, दिवसा कधीही येऊ.

आपली विश्वासू,
एका स्थानिक कराटे क्लबची प्रशिक्षक