दारिद्र्याच्या मोजणीतून निसटलेली म्हातारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरिबी नुसत्या खर्चावरून मोजू नये, हे आता सगळेच मान्य करतात. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण भागात माणशी महिना ८१६ रुपये खर्चाची दारिद्र्यरेषा ठरली होती. त्यात आजारपणाचा आणि शाळेचा खर्च धरला होता, पण प्रत्यक्षात तब्येत कशी आणि शिक्षण किती, हे पाहिले जात नव्हते. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानाचे १२ निकष पाहतो. त्यानुसार गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मधल्या सुमारे २५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये सुमारे १५ टक्क्यांवर आले. आनंदच आहे.

पण हे निकष एकट्या राहणाऱ्या निरक्षर म्हातारीला लावून पाहा. पत्र्याचे छप्पर, मातीची जमीन, चूल लाकडावर, घरात किडूकमिडूक. मात्र शौचालय स्वतःचे आहे, नळ आहे, विजेचे मीटर आहे आणि श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी काढलेले बँक खातेही आहे. प्रत्येक निकषाला ठरलेला भार असतो आणि जिथे जिथे वंचितता, तिथले भार मिळवले जातात. शिक्षण नाही म्हणून तिच्या नावावर एक षष्ठांश भार पडतो. घर, इंधन आणि चीजवस्तू यांचा प्रत्येकी एकविसावा. बेरीज ३१ टक्के. गरीब ठरायला ३३.३३ लागतात. म्हणजे बाई गरीब नाहीत!

तिच्या पोटाचे काय? कुपोषण पाहिले जाते ते पाच वर्षांखालची मुले, १५ ते ४९ च्या स्त्रिया आणि १५ ते ५४ चे पुरुष यांचेच. सत्तरीतल्या बाईचे वजन कितीही घटले तरी आरोग्याच्या रकान्यात ते येत नाही. बाळंतपण आणि बालमृत्यू हे उरलेले दोन निकष तर तिला लागूच नाहीत. आरोग्याचा अख्खा एक तृतीयांश भार तिच्यापुरता शून्य.

यावर 'सर्वेक्षणाला मर्यादा असतात' हे उत्तर पटत नाही. निर्देशांकाची आकडेवारी ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून येते, त्याच्या पाचव्या फेरीत रक्तदाब आणि रक्तातली साखर १५ वर्षांवरील सर्वांची तपासली गेली, म्हाताऱ्यांचीसुद्धा. पथक दारात आलेले, वजनकाटा सोबत. आजीला त्यावर उभे करायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या फेरीत पोषणाच्या निकषावरची ही वरची वयोमर्यादा काढावी. तोवर निदान अहवालात वृद्धांच्या एकट्या घरांचा आकडा वेगळा छापावा.

आपली,
एक वाचक