अनुदानाच्या फोटोत शाफ्टचे कव्हरही दिसू द्या

प्रति,
मा. कृषी मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ट्रॅक्टरचलित अवजारांच्या पीटीओ शाफ्टवरील (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद अवजाराला पोहोचवणाऱ्या फिरत्या दांड्यावरील) संरक्षक कव्हरबाबत.

महोदय,

निफाड तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आहे आणि लहान ट्रॅक्टरला जोडलेला फवारणीचा ब्लोअर मी स्वतः चालवतो. गेल्या हंगामात टाकीत औषध किती उरले ते पाहायला मी ब्लोअर चालूच ठेवून खाली उतरलो, मागे जाऊन वाकलो आणि गळ्यातला पंचा पीटीओच्या शाफ्टने ओढून नेला. पंचा विरलेला होता, त्याला गाठ मारलेली नव्हती, म्हणून तो मानेवरून सटकला आणि मी वाचलो. ट्रॅक्टर बंद करून पाहिले तेव्हा क्रॉसभोवती (शाफ्टच्या सांध्याभोवती) पंच्याचा पीळदार दोर झाला होता. छाटणीच्या कात्रीने तो तुकड्यातुकड्याने कापून काढावा लागला. शाफ्ट उघडा होता. त्याचे कव्हर गोठ्यातल्या खुंटीवर होते आणि ते तिथे मीच टांगलेले होते.

पीटीओचा नेहमीचा वेग मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. क्रॉसजवळ शाफ्टचा घेर वीतभर धरला तरी एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड गुंडाळले जाते. पंच्याला एक सेकंद पुरतो, नऊवारीला चार-पाच. शिवाय पीटीओ बंद करायची दांडी सीटजवळ आणि अडकलेला माणूस ट्रॅक्टरच्या मागे, त्यामुळे आसपास दुसरे कोणी नसेल तर यंत्र थांबवायचे कोणी?

कव्हर का निघते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण ‘शेतकऱ्यांनी काळजी घ्यावी’ एवढ्या एका वाक्यावर हा विषय नेहमी मिटवला जातो. क्रॉसला वरचेवर ग्रीस द्यावे लागते. माझ्या शाफ्टच्या कव्हरला ग्रीसगन निपलपर्यंत (ग्रीस भरायच्या तोंडापर्यंत) पोहोचेल असे भोकच नव्हते, म्हणून प्रत्येक वेळी कव्हर काढा आणि पुन्हा बसवा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्याची क्लिप तुटली, सुटे कव्हर तालुक्याच्या दुकानात मिळाले नाही आणि दुकानदाराने वर सल्ला दिला की त्याच्यावाचून काही अडत नाही. कव्हर स्वतः फिरू नये म्हणून त्याला एक बारीक साखळी असते, ती ट्रॅक्टरला अडकवायची असते. ती साखळी कशासाठी आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. पहिल्याच आठवड्यात मी ती बादलीला वापरली.

आता आपल्या खात्याकडे येतो. महाडीबीटीवर (शासनाच्या अनुदान-अर्जांच्या संकेतस्थळावर) अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड आणि शेवटी मोका तपासणी, या साऱ्या पायऱ्या चढून मी रोटाव्हेटरचे अनुदान घेतले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्यांनी यंत्रावरचा क्रमांक बिलाशी काळजीपूर्वक ताडून पाहिला, मला यंत्राशेजारी उभे करून फोटो काढला आणि ते पुढच्या गावाला गेले. शाफ्टला कव्हर आहे का, पाती तपासताना इंजिन बंद करायचे हे चालवणाऱ्याला ठाऊक आहे का, यातले काहीही विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही. (वजन पडावे म्हणून चालू रोटाव्हेटरवर माणूस बसवण्याची आमच्याकडची पद्धत त्यांनीही पाहिलेली असणारच.)

दुसऱ्या बाजूला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास दोन लाख आणि एक अवयव निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. यंत्र घेताना शासन पैसे देते आणि त्याच यंत्रात हात गेला तरी शासनच पैसे देते. मधल्या काळात कव्हराच्या चार क्लिपांकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. अपघाताचे पैसेही मिळतात ते खातेदार शेतकऱ्याला किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. ब्लोअरच्या मागे पाण्याचा पाइप धरून उभ्या असलेल्या, स्वतःच्या नावावर सातबारा नसलेल्या मजूर बाईला त्यात जागा नाही.

मळणी यंत्रात हात जाऊ लागले तेव्हा देशाने 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला होता. मी तेवढे मोठे काही मागत नाही. पीटीओवर चालणाऱ्या अवजाराचे अनुदान खात्यात जमा होण्यापूर्वीच्या फोटोत कव्हर बसवलेला आणि साखळी अडकवलेला शाफ्ट स्पष्ट दिसला पाहिजे, एवढी एक अट घालावी. कव्हर न काढता ग्रीस देता येईल अशीच रचना अनुदानपात्र धरावी, नाहीतर फोटोपुरते बसवलेले कव्हर संध्याकाळी पुन्हा खुंटीवर जाईल. सुटी कव्हरे आणि क्लिपा ठेवणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे. आणि कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षण ठेवाल तेव्हा मालकाबरोबर, किंबहुना मालकाच्या आधी, चालवणाऱ्या गड्याला बोलवावे व त्या दिवसाची मजुरी त्याला द्यावी. कारण ट्रॅक्टर मालकाच्या नावावर असला तरी क्रॉसला ग्रीस देणारा हात बहुतेक वेळा गड्याचाच असतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्याकडे पाऊस-धुक्याच्या दिवसांत ब्लोअर जवळजवळ रोज निघतात. परिपत्रक काढायचे झाल्यास ते त्याआधी निघावे, ही विनंती.

आपला नम्र,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार