स्क्रीन बंद करून फॉर्म भरून पाहणाऱ्यास

स. न. वि. वि.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण पत्र जाहीरच लिहितेय. तुमच्या आधी मी ज्यांचे उंबरे झिजवले, त्यांच्याही नजरेला ते पडावं अशी थोडीशी इच्छा आहे.

महिनाभर माझ्या न्यूजलेटरच्या यादीत रोज शंभर-दीडशे नावं दाखल होत होती. पंधरवड्यातून एकदा जुन्या पुस्तकांवर चार गोष्टी लिहून पाठवणाऱ्या बाईला हे जरा जास्तच झालं. पहिले दोन दिवस मी हुरळले, खोटं कशाला बोलू. मग नावं वाचली. कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी अक्षरं, आणि एकच जीमेल पत्ता टिंबाची जागा बदलून बदलून अकरा वेळा. (जीमेल ती टिंबं धरतच नाही, सगळे मेल एकाच माणसाकडे जातात, हे तुमच्याकडूनच कळलं.)

ज्या कंपनीमार्फत मी मेल पाठवते, तिच्या मदत कक्षाचं पहिलं उत्तर अभिनंदनाचं होतं. तुमची यादी झपाट्याने वाढतेय, आता वरचा प्लॅन घ्या! दुसऱ्या उत्तरात मजकूर तोच, खालचं नाव फक्त वेगळं. मग ओळखीतल्या एका डेव्हलपरने पैसे घेऊन फॉर्मवर चित्रांचं कोडं चढवलं. सिग्नल ओळखा, झेब्रा क्रॉसिंग ओळखा. याला कॅप्चा म्हणतात, म्हणजे आपण माणूस असल्याचा दाखला माणसांनाच द्यावा लागतोय. बॉट (आपोआप फॉर्म भरत सुटणारे प्रोग्राम) थोडे कमी झाले, खरे वाचक मात्र यायचेच थांबले. तक्रार केली तर म्हणाला, "ज्याला खरंच वाचायचंय तो सोडवेल की."

त्यातच एका अनोळखी बाईंचा मेल आला. "मी तुम्हाला ओळखत नाही. सकाळपासून असले सहाशेवर मेल आलेत, त्यातला एक तुमचा. माझं काय चुकलं?" तीन दिवस मी तो तसाच ठेवला. लाज वाटत होती, आणि काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुम्हाला हे सगळं सांगितलं, तेव्हा तुम्ही यादी मागितली नाहीत. "त्यांना उत्तर दिलंत का?" एवढंच विचारलंत. नाही म्हटल्यावर म्हणालात, "आधी ते लिहा. बँकेचं खातं आणि कार्ड तपासायला सांगा. आत्ता." मग समजावलंत. कुणाच्या कार्डावरून काही उचलायचं असलं की चोर त्याचा पत्ता हजारो उघड्या फॉर्ममध्ये टाकून देतात. मेलचा असा लोंढा येतो की बँकेची सूचना त्यात वाहून जावी. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या सरकारी पत्त्यांवरही असाच मारा झाला होता. म्हणजे बॉट माझ्यामागे लागलेच नव्हते. माझा फॉर्म हा त्यांच्या हातातला एक दगड होता, नेम दुसऱ्याच कुणाच्या खिडकीवर.

बाईंनी कार्ड बंद केलं, एवढंच उलट कळवलं. मी घालवलेले ते तीन दिवस अजून टोचतात.

पुढचं काम तुम्ही दोन संध्याकाळींत उरकलंत. आता पत्ता दिला की आधी पुष्टीचा एक मेल जातो, आणि त्यातली लिंक उघडून बटण दाबल्याशिवाय नाव यादीत चढत नाही. नुसती लिंक पुरत नाही, कारण ऑफिसांतले मेल तपासणारे स्कॅनर लिंक आपणहून उघडून बघतात. हे ऐकून मी कपाळावर हात मारला. शिवाय फॉर्ममध्ये एक रकाना लपवलात. माणसाला तो दिसत नाही. बॉट कोड वाचतो, त्यामुळे तोही भरतो आणि सापडतो.

मी म्हणाले, झालं की मग, चालू करू या. तुम्ही म्हणालात, "थांबा. तुमच्या वाचकांत स्क्रीन रीडर वापरणारं कुणी आहे?" (दृष्टिहीनांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.)

मला माहीत नव्हतं.

"मग आहे असं धरून चालू."

आणि तुमच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. व्हिडिओ कॉल चालू असताना तुम्ही स्वतःची स्क्रीन बंद केली होतीत. अंधारातून यंत्राचा तो सपाट आवाज ऐकू येऊ लागला. नाव. ईमेल. आणि मग जो रकाना कुणालाच सापडायला नको होता, तोही त्याने तितक्याच इमानाने वाचला. वेबसाइट. म्हणजे डोळ्यांनी न पाहणाऱ्या वाचकाने तो सरळ मनाने भरला असता, आणि आम्ही त्याला बॉट ठरवून गुपचूप बाहेर काढलं असतं. तुम्ही फक्त "हं" म्हणालात. खटखट. पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या फेरीला नाव, ईमेल आणि थेट बटण. तरी समाधान नाही. चुकून कुणी तिथे पोचलंच तर कळावं म्हणून रकान्याचं नाव बदललंत: "हा रिकामा ठेवा".

सगळं मिळून दहा मिनिटं. कुणी मागितलं नव्हतं, आणि नसतं केलं तर मला जन्मात कळलं नसतं. सभ्यपणा म्हटलं की आपल्याला गोड बोलणं आठवतं. मदत कक्षातले लोक माझ्याशी अतिशय गोड बोलले होते. तुम्ही तर दोन वाक्यं सलग बोलत नाही.

आता यादीत दिवसाला दोन-तीन नावं येतात, कधी एकही नाही. आलेल्या नावांचा उच्चार करता येतो. त्यांतलं कुणी स्क्रीन रीडरवरून आलंय का, मला माहीत नाही. परवा फॉर्मचा रंग बदलला, तेव्हा मीही स्क्रीन बंद करून टॅब दाबत बसले. बटण सापडायला चार मिनिटं लागली.

आणि बिल कधी पाठवताय? ही तिसरी आठवण.

कळावे, लोभ असावा ही विनंती.